देवळासमोरून उडताना

गुरुवार : लक्ष्मीबाई नगरातून बाहेर

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पॅराग्लायडिंग शिकायला निघाले, तेव्हा घरातल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, तू बिल्कुल क्रेझी आहेस यार." नवरा म्हणाला, "जा, पण जोखमीच्या फॉर्मवर माझी सही मागू नकोस." मी त्याची सही मागितलीच नव्हती. फॉर्म भरून, माझी स्वतःची सही ठोकून, फोटो चिकटवून केव्हाच पाठवला होता.

कारण सांगायचं तर फार मोठं नाही. दिल्लीत सरकारी नोकरीला मला चोवीस वर्षं झाली. आमच्या सेक्शनमध्ये अपघातांच्या चौकशीच्या फायली येतात. कोण कुठे पडलं, कोणत्या यंत्रात कुणाचा हात गेला, ते वाचायचं आणि वर पाठवायला टिपणी लिहायची. दुसऱ्यांनी केलेल्या धाडसावर आणि चुकांवर इतकी वर्षं शाई घालवल्यावर, आपण स्वतः काहीतरी करून बघावं असं फार वाटायला लागलं होतं. शिवाय मला उंचीची भीती वाटते. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर पापड वाळत घालतानाही मी कठड्यापासून दोन हात लांब असते. ती भीती मला संपवायचीच होती.

चार दिवसांचा कोर्स होता, हरियाणात सोहन्याच्या पुढे अरवलीच्या एका बुटक्या डोंगरावर. कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं आडनाव बघून एकाचा फोन आला होता. "ताई, तुम्ही मराठी का? मी नायब सुभेदार जाधव, कँटमधनं बोलतोय. गाडीत जागा हाय का?" जागा होती. सकाळी सहाला धौला कुआंच्या अलीकडे ते मला भेटले. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर पिट्टू, म्हणजे फौजी पिशवी, आणि हातात लाडवांचा डबा. गाव माण तालुक्यात. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. मग गावाकडे जाऊन, पाचगणीच्या बाजूला जिथे पर्यटक उडायला येतात तिथे काम धरायचं, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी कोर्स पुरा केल्याचा दाखला हवा होता. रजा रविवारपर्यंतच. सोमवारी हजर व्हायचं आणि त्याच आठवड्यात त्यांचं युनिट सीमेकडे जाणार.

"म्हणजे हे चार दिवसच?" मी विचारलं.

"चारच. तीन फ्लाइटा झाल्या पायजेत टेकडीवरनं, तरच दाखला. न्हाई झालं तर मग न्हाईच," ते म्हणाले आणि लाडवाचा डबा पुढे केला.

रस्त्याचं वर्णन करत नाही. टोलनाका, ट्रक आणि धूळ तुम्हीही बघितली असेल. सोहन्यानंतर मात्र डावीकडे अचानक डोंगर सुरू होतात आणि दिल्लीत राहून आपण हे कधी बघितलंच नाही म्हणून स्वतःचा राग येतो. सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला हे डोंगर सुरुवातीला हसण्यासारखे वाटतात. ठेंगणे, करडे, अंगावर वेडी बाभूळ. इकडे तिला किकर म्हणतात. जाधव म्हणाले, "आमच्याकडं याला माळ म्हणत्यात." तीन दिवसांनी त्याच माळानं मला काय ते शिकवलं.

शिकवणारे राणाजी मूळचे हिमाचलातल्या कांगड्याकडचे. वय पंचावन्नच्या आसपास, बोलणं मोजकं. आमच्याबरोबर गुरुग्रामचे दोन इंजिनियर होते, त्यांच्याकडे सगळी महागडी उपकरणं होती आणि शंका एकही नव्हती. पहिला दिवस आम्ही सपाट शेतात ग्लायडर डोक्यावर उभा करायला शिकण्यात घालवला. ग्लायडर म्हणजे कापडाचा लांबलचक पंख. त्याच्या दोऱ्या आपल्या कमरेच्या आसनाला जोडलेल्या. दोन्ही हातांत ब्रेकची एकेक कडी असते. उजवी कडी खाली ओढली की पंख उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. हात कानांजवळ ठेवायचे, आणि कड्या सोडायच्या नाहीत. इतकंच. राणाजींनी ते दिवसभरात शंभरदा सांगितलं असेल.

शुक्रवार : बिमलाजींचं अंगण

आमचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी बिमलाजींच्या घरी होता. घरात सासरे आले की त्या चटकन घुंघट ओढायच्या, आणि त्याच घुंघटात सकाळी ट्रॅक्टर काढून शेतावर जायच्या. मला त्याची गंमत वाटली हे त्यांनी ओळखलं. "घुंघट तो बुजुर्गों का मान है बहन, ट्रॅक्टर अपना काम है," त्या म्हणाल्या.

जेवणात बाजरीची रोटी होती. आपली भाकरी पातळ आणि मोठी, ही जाड आणि तळहाताएवढी, वर लोण्याचा गोळा, शेजारी गूळ आणि लसूण-मिरचीची चटणी. सरसोंची, म्हणजे मोहरीच्या पाल्याची, भाजी हंगामातली शेवटची. जाधवांनी कांदा मागितला. बिमलाजींनी गोल चकत्या कापून दिल्या. जाधवांनी नम्रपणे त्या बाजूला ठेवल्या, टोपलीतला अख्खा कांदा घेतला आणि जमिनीवर ठेवून एका बुक्कीत फोडला. घुंघटाच्या आत बिमलाजी खूप वेळ हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जाधवांच्या ताटाशेजारी अख्खा कांदा ठेवायला सुरुवात केली.

त्या दिवशी आम्ही छोट्या उतारावरून उड्या मारल्या. पळायचं, पाय सुटायचे, दहा-पंधरा सेकंद हवेत आणि पुन्हा शेतात. पहिल्यांदा पाय सुटले तेव्हा मी चक्क ओरडले. दुसऱ्यांदा ओरडले नाही. तिसऱ्यांदा खाली बघितलं. संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं की मला जमतंय, आणि हे सांगताना मला खरोखर अभिमान वाटत होता.

शनिवार : मातेच्या देवळाशी

शनिवारी सकाळी टेकडीच्या माथ्यावर गेलो. वारा पश्चिमेकडून, सरळ आणि सौम्य. माथ्यावरून धावत सुटायचं, उजवीकडे वळून डोंगराच्या कडेकडेनं थोडं उत्तरेला जायचं, मग डोंगराकडे पाठ करून शेतात उतरायचं. म्हणजे जाताना डोंगर आपल्या उजव्या हाताला. राणाजी म्हणाले, "पहाड़ से दूर रहना. जितना डर लगे, उससे भी दूर." ते माथ्यावर वॉकीटॉकी घेऊन उभे, आणि खाली शेतात दुसरा वॉकीटॉकी घेऊन जाधव. तिसरा माझ्या हेल्मेटला, बोललं की आपोआप चालू होणारा. जाधवांचं पहिलं उड्डाण माझ्यानंतर होतं.

मी धावले. पाय सुटले. आणि खरं सांगते, भीती वाटलीच नाही. खाली गव्हाची हिरवी शेतं, मोहरीचे पिवळे तुकडे, वीटभट्टीचा धूर आणि पार दूर धुक्यात गुरुग्रामच्या इमारती. डोंगर उजवीकडून सरकत होता. मला तो नीट बघायचा होता, म्हणून मी सांगितल्यापेक्षा जवळूनच निघाले. कुणी थोडंच पट्टी लावून मोजतंय, असं मनात आलेलं मला आठवतं.

पुढे डोंगराच्या खांद्यावर एक छोटं पांढरं देऊळ आहे, मातेचं. त्याच्यावर लाल झेंडा. मी त्याच्या बरोबरीला आले, आणि माझा उजवा हात छातीकडे गेला.

हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. रिक्षा, स्कूटर, बस काहीही असो, देऊळ दिसलं की हात छातीला लावून पुढे जायचं, ही सवय मला आईकडून आली आहे. आमची ऑफिसची बस रोज एका देवळावरून जाते तेव्हा निम्म्या बसचे हात तसेच जातात, आणि कुणाचं बोलणंही थांबत नाही. मी काही फार देवदेव करणारी नाही. हातच तेवढा करतो. पण त्या दिवशी त्या हातात ब्रेकची कडी होती. कानाजवळचा हात छातीवर आला म्हणजे कडी वीतभर खाली ओढली गेली, आणि पंख उजवीकडे वळला. डोंगराकडे.

"बाएं! मैडम, बाएं!" राणाजींचा आवाज कानात फुटला. घाबरून मी डावी कडीही ओढली, पण उजवी सोडायचं सुचलं नाही. दोन्ही ब्रेक लागल्यावर पंख मंदावला आणि मी दोन मजल्यांच्या उंचीवरून तिरकी खाली गेले. समोर खडक आला, मग खडक बाजूला गेला आणि किकर आली. कापड फाटल्याचा आवाज ऐकला आणि मग सगळं शांत झालं. देवळातली घंटा वाजत होती, एवढं आठवतं.

आसनाच्या जाड गादीनं कंबर वाचवली. गुडघा खरचटला, दोन्ही हातांत काटे घुसले, एक चपटा दगड हेल्मेटला लागून फुटला. राणाजी धावत खाली आले. त्यांनी माझ्या पायाची बोटं हलवायला लावली, मान तपासली, आणि मग विचारलं, "क्या हुआ था?"

"हवा पलट गई," मी म्हणाले.

मी ठरवून खोटं बोलले नाही, ते आपसूक तोंडातून निघालं. पण निघाल्यावर मी ते परतही घेतलं नाही. राणाजींनी ताबडतोब वॉकीटॉकीवरून बाकीची उड्डाणं थांबवली.

बिमलाजींनी दुपारभर माझ्या हातातले काटे सुईनं काढले. "चोट घणी तो ना लागी, बहन?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. लागली होती, पण त्यांना दाखवण्यासारखी नव्हती.

संध्याकाळी राणाजींनी एक वही आणून दिली. त्यांची पद्धत अशी, की जो पडतो त्यानं काय घडलं ते स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणं सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर वाचायचं. मी पेन घेतलं आणि चोवीस वर्षांची सवय कामाला आली. पाऊण पान लिहिलं. वाऱ्याची दिशा बदलल्यामुळे ग्लायडर उजवीकडे वळला, सूचना मिळताच उपाय करण्यात आले, तथापि उंची अपुरी असल्याने झुडपात उतरावे लागले. शुद्ध सरकारी हिंदी. आमच्या साहेबांनी त्या पानावर डोळे झाकून सही केली असती.

राणाजींनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "इसमें हवा है, ग्लाइडर है, झाड़ी है," ते म्हणाले. "आप कहां हैं, मैडम?"

मी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी वही मिटली.

"ठीक है. हवा पलटी है तो मैं किसी को वहां नहीं भेज सकता. कल कोई नहीं उड़ेगा."

इंजिनियर म्हणाले, नो प्रॉब्लेम सर, आम्ही पुढच्या महिन्यात येऊ. जाधव उठून कोपऱ्यात गेले आणि आपला पिट्टू भरायला लागले. एक एक कपडा घडी करून, कडा जुळवून. त्यांच्याकडे पुढचा महिना नव्हता. माझ्या समोरची रोटी थंड झाली.

रविवार : वाचन आणि नंतर

सकाळी साडेसहाला अंगणात चहा झाला. राणाजींनी वही माझ्या हातात दिली. मी पान उघडलं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचायला घेतलं आणि मला माझ्याच अक्षराची किळस आली. असल्या किती टिपण्या मी वर पाठवल्या असतील! कुणाचंच नाव नसलेल्या, कुणालाच न दुखवणाऱ्या, आणि वाचून कुणीही काहीही शिकू शकणार नाही अशा. माझं उडणं गेलं तर जाऊ दे, पण हे पान मी वाचणार नाही, असं मी तिथे ठरवलं. राणाजींकडे पेन मागितलं आणि उभ्या उभ्या नवीन पान लिहून वाचलं:

"मैंने मंदिर देखकर दाहिना हाथ छाती पर लगाया. ब्रेक हाथ में था. मैं पहाड़ के बहुत पास उड़ रही थी, जिसकी मनाही थी. गिरने के बाद मैंने झूठ बोला. हवा ठीक थी."

एक इंजिनियर फिसकन हसला. राणाजी हसले नाहीत.

"मैं भी गाड़ी चलाते हुए यही करता हूं," ते म्हणाले. "ऊपर होतीं, पहाड़ से दूर होतीं, तो ग्लाइडर ज़रा-सा घूमता, आप सीधा कर लेतीं, किसी को पता भी नहीं चलता. गलती इतनी-सी थी. आपने उसके लिए जगह नहीं छोड़ी."

मग ते जाधवांकडे वळले. "चलो सूबेदार साब, ऊपर."

"आणि मी?" मी विचारलं. हिंदीत विचारायचंही सुचलं नाही.

"आज आप नहीं."

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे. शाम तक बहुत टाइम है," मी म्हणाले. "काय करू ते सांगा. जो कहेंगे करूंगी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग बिमलाजींच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला त्यांनी एक आसन टांगलं, मला त्यात बसवलं आणि दोन्ही हातांत दोरीला बांधलेल्या कड्या दिल्या. बिमलाजींना सांगितलं, कामं करता करता मधूनच "जय माता दी" म्हणायचं आणि मॅडमचा हात हलला का ते बघायचं. मग ते टेकडीवर निघून गेले.

पहिल्याच हाकेला माझा हात छातीवर गेला. बिमलाजींनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या वेळी अर्ध्यावर थांबवला. त्या कधी भांडी घासताना म्हणायच्या, कधी गोठ्यातून, एकदा तर मी पाणी मागितलं तेव्हा पाणी देता देता म्हणाल्या. सासरेबुवा खाट ओढून समोर बसले आणि तेही हाका द्यायला लागले. मांड्यांना पट्ट्यांचे वळ उठले, गुडघा ठणकत होता. मी उतरले नाही. एकोणपन्नास वर्षांची सवय एका दिवसात जात नसते, हे मला माहीत होतं, पण निदान तिला हातापर्यंत पोचू द्यायचं नाही हे शिकता येत होतं. हाक आली की मी तोंडानं म्हणायला लागले, "जय माता दी." हात कानापाशीच. दुपारी तीनपर्यंत लागोपाठ वीसदा हात हलला नाही. बिमलाजींनी टेकडीकडे तोंड करून खणखणीत हाक मारली, "पास हो गई!"

तोवर जाधवांची तिन्ही उड्डाणं झाली होती. दाखल्यावर राणाजींची सही झाली तेव्हा जाधवांनी कडक सॅल्यूट ठोकला.

चार वाजता वारा मऊ झाला. राणाजींनी त्यांचा स्वतःचा जुना ग्लायडर माझ्या पाठीला बांधला. माझा फाटला होता. माथ्यावर उभी राहिले तेव्हा मात्र भीती वाटली, आदल्या दिवशी वाटायला हवी होती ती सगळी. मला परत फिरता आलं असतं, कुणी काही म्हणालं नसतं. मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि धावले.

पाय सुटल्याबरोबर डोंगरापासून दूर गेले, मग आणखी दूर. हात कानांपाशी. देऊळ आलं. आज ते लहान दिसत होतं, कारण आज माझ्या आणि त्याच्यामध्ये पुरेशी हवा होती. "माते, नमस्कार," मी मोठ्यानं म्हणाले, "हात मोकळे नाहीत." वॉकीटॉकीत राणाजींचं हसू ऐकू आलं. मग डोंगराकडे पाठ केली, शेत वर वर आलं, आणि मी दोन पावलं धावून उभी राहिले. उभी! ग्लायडर मागे हळूच पडला आणि मी तिथेच, गव्हाच्या बांधावर, रडले. आनंदानंच रडले, दुसरं काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर

संध्याकाळी जाधव माझ्या शेजारी बसले होते, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर. सोहना मागे पडलं. मग म्हणाले, "ताई, एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा की."

"काल मी खाली उभा व्हतो. तुमचा हात छातीवर गेलेला मला दिसला व्हता. साफ दिसला."

मी गाडीचा वेग कमी केला. "मग तुम्ही बोलला का नाहीत? तुमचा दाखला जात होता!"

"बोललो असतो तर तुमचं उडणं गेलं असतं. दुसऱ्याच्या तोंडनं तुमची चूक निघाली असती, सगळ्यांसमोर. बरं न्हाई वाटलं ते." ते पिशवीच्या कडा जुळवत होते. "म्हटलं, ताई बोलत्याल तर बोलत्याल."

"आणि मी बोललेच नसते तर?"

जाधवांनी पिशवी उचलून पिट्टूत ठेवली.

"तर घरी फोन करून सांगितलं असतं," ते म्हणाले, "हवा खराब व्हती म्हणून."